मॅन्युएलच्या पिकअपचं ॲव्हरेज

आपल्या पूनम सागरमध्ये लाइट गेले की लवकर येत नाहीत. बसा इथेच गच्चीवर. पराग, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. तीस वर्षं गॅरेज चालवलंय मी, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण उत्तनच्या कोळीवाड्यातला मॅन्युएल माझ्याशी खोटं बोलणार नाही.

त्याची सतरा वर्षं जुनी डिझेल पिकअप. सुकी मासळी घेऊन संध्याकाळी शांती नगरला यायचा, रात्री रिकामा परत जायचा. अशी गाडी भरलेली असली की लिटरला दहा देते, रिकामी तेरा. याची आठवर आली होती. असंच चाललं तर गाडी विकावी लागेल, म्हणाला. त्याचं पोट त्या गाडीवर.

मी म्हटलं, टाकी गळ्यापर्यंत भर आणि ती संपेपर्यंत परतताना कुणाला बसवू नकोस, वाटेत थांबू नकोस. म्हणजे खरं ॲव्हरेज कळेल. कारण उत्तनकडे जाणारी रिकामी गाडी दिसली की लोक हात करतात, मागे चढतात आणि घर आलं की केबिनच्या टपावर दोनदा ठोकून उतरतात.

तिसऱ्याच रात्री वाटेतल्या मुर्धा गावाजवळ डेनिसने हात केला. डेनिस म्हणजे त्याचा शेजारी, बेव्हर्ली पार्कात वॉचमन. मॅन्युएल थांबला नाही. डेनिस चालत निघाला, आणि सकाळी पुढच्या डोंगरी गावाच्या चढावर मेलेला सापडला. हार्ट. थांबू नकोस असं सांगणारा मी होतो. अजून खातं ते मला.

दफनानंतर चार दिवसांनी मॅन्युएलने पुन्हा गाडी काढली. वीस जून, गुरुवार. रात्रीचे पावणेअकरा. मुर्धा आलं आणि गाडी जड झाली. मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले. त्याने आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

एका माणसाचं वजन पिकअपला कळतही नाही, सुरुची. हे तसलं नव्हतं.

डोंगरीचा चढ. दुसरा गिअर. मग पहिला. गाडी चढेना. आणि मागून... धाप. चालून चालून दमलेल्या माणसाची.

"डेनिस?"

...

"चूक झाली रे माझी."

...

धाप थांबली. गाडी चढली. वजन तसंच.

गाव आलं. डेनिसची गल्ली.

टपावर... ठक. ठक.

त्याने ब्रेक लावला. मागे पाहिलं नाही. पाटे वर उठले. गाडी हलकी झाली.

पहाटे तो थेट माझ्या दारात. "उत्तमभाऊ, गाडी आता ठीक हाय. पण मागं काय हाय ते बघा. माझ्यानं बघवत न्हाय."

तिकडे आपल्या माणसाकडून भाडं घेत नाहीत, पण फुकटही कुणी उतरत नाही. उतरणारा मागे काहीतरी ठेवून जातो. मी गाडीची मागची फळी उघडली. केळीच्या पानावर चार बोंबील होते. ओले, ताजे. पाणी गळत होतं अजून.

जूनमध्ये मासेमारी बंद असते. उत्तनच्या सगळ्या बोटी तीन आठवडे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या.