टकर बीचचे एक्केचाळीस दिवस

"माझे एक्केचाळीस दिवस कुठे गेले?"

दारात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला तरुण उभा होता. ब्रायनी दचकलीच. होबार्टहून या गावात पक्ष्यांच्या नोंदी साफ करायला येऊन तिला सहा महिने झाले होते, आणि तिच्या टेबलापाशी आपणहून आलेला हा पहिलाच माणूस. तोही भांडायला!

"आधी बसा तर. नाव?"

"इवॉर. कालवांच्या शेतीवर असतो. टकर बीचवर एकच चिखल्या पक्षी उरलाय. रोज जाऊन बघतो त्याला, रोज नोंद करतो. तुमच्या यादीत मात्र माझी एकच ओळ! आज चारच्या आत तीस दिवसांच्या नोंदी कौन्सिलला पोचल्या नाहीत, तर उद्यापासून किनारा कुत्र्यांना मोकळा... मग त्याचं काय?"

ब्रायनीने लगेच शीट उघडली. स्वयंसेवक मनाला येईल तसं लिहीत. ती फॉर्म्युले लावून जादा स्पेस कापायची, आकड्यापुढची बडबड उडवायची आणि सारख्या ओळींतली एकच ठेवायची. इवॉरने तारखेच्या रकान्यात रोज एकच शब्द लिहिला होता — 'आज'. बडबड उडाल्यावर त्याच्या सगळ्या ओळी सारख्या झाल्या, आणि एकच उरली.

"अहो, रोज 'आज' कोण लिहितं?"

"लिहिलं त्या दिवशी आजच होतं की!"

ती हसली. किती दिवसांनी... या खोलीत आपलं हसू तिला परक्यासारखं ऐकू आलं.

मूळ फाइल तिने जपली होती. त्यात त्याची बडबड शाबूत होती. '१, ओहोटी ६:४०, वारा फार.' '१, ओहोटी ७:३०, एका पायावर उभा.'

"ओहोटीची वेळ कशाला?"

"आमचं घड्याळच ते. पाणी उतरलं की कामाला."

त्याने खिशातून ओहोटीचा चुरगळलेला तक्ता काढला. ती वेळ वाचायची, तो तारीख शोधायचा. मध्येच कोपराला कोपर लागायचं, आणि दोघंही उगाच स्क्रीनकडे बघायचे.

'१, ओहोटी ५:५५, आज माझा वाढदिवस.'

ती थांबली. "कोणी आलं होतं?"

"चिखल्या होता ना."

ब्रायनीला ख्रिसमस आठवला. याच टेबलाशी बसून, एकटीने खाल्लेलं थंड सँडविच. तिला एकदम रडू आलं. तिने ते आवरलं नाही. त्याने नुसता हात पुढे केला, आणि तिने तो धरला.

चारच्या आत एक्केचाळीस तारखा गेल्या. पोच आली. किनारा कुत्र्यांना बंदच राहणार होता.

"तू आहेस ना अजून इथे?" इवॉरने दारातून विचारलं.

"उद्या शेवटचा दिवस. काम संपलं."

"अस्सं..." तो बुटांकडे बघत राहिला. "एक पक्षी मोजायला एक माणूस पुरतो म्हणा. पण मला आता एकट्याने जावंसं वाटणार नाही."

"शनिवारी ओहोटी किती वाजता?"

"शनिवारी तू कुठे असणार इथे?"

"तक्त्यात बघ ना!"

त्याचं बोट तक्त्यावरून फिरलं. "सात... सात वाजून पाच मिनिटं."

"मग सात पाचला," ब्रायनी म्हणाली. "बूट मात्र माझ्याकडे नाहीत हं."