वळसा

सन १९७९, जानेवारीचा दुसरा आठवडा. पौष चालू होता. भोपाळात त्या वर्षी थंडी अशी पडली की बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीत क्वार्टरांपुढचे नळ सकाळी मुके असायचे, आणि रस्त्यावर बसलेलं धुकं ऊन वर आलं तरी उठायचं नाव घेत नसे.

अशा दिवसांत गोपीनाथ साळवींनी गाडी घेतली.

साळवी कारखान्यात फोरमन. सांगलीकडून फिटर म्हणून आलेले, शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं हातांनी कमावलेलं. कुणाकडे काही मागायचं नाही, हा त्यांचा बाणा. शेजारच्या घरी त्यांच्याकडून साखरेची रिकामी वाटी कधी गेली नव्हती. गाडीसुद्धा हौसेनं घेतली नव्हती. मुलगी वसुधा पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. अवेळी इस्पितळात न्यायची वेळ आली तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको, म्हणून गाडी. निवृत्त होऊन नाशिकला गेलेल्या कर्णिक साहेबांची ती जुनी, करड्या रंगाची गाडी. वर्षभर कडुलिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती.

घरात आली आणि रोजची कटकट सुरू झाली. डावीकडचं दार हातानं वर उचलून धरल्याशिवाय लागत नसे. काच आतून वाफेनं भरायची, वाफ धरू नये म्हणून तिच्यावर तंबाखू चोळावी लागायची. चोक ओढला की पेट्रोलचा वास स्वयंपाकघरापर्यंत, आणि इंजिन ढिम्म. गोविंदपुऱ्यातल्या मिस्त्रीनं प्लग बदलले, बॅटरी बदलली, कार्ब्युरेटर खोलून पुन्हा बसवला. दुपारी गाडी गुणी मुलासारखी चालू व्हायची. पहाटे मढं.

"धक्का मारायला बोलवा की कुणाला," लीलावतीबाई म्हणाल्या. "अख्खी वसाहत एकमेकांच्या गाड्या ढकलते."

"आपण नाही बोलवायचं."

"मग घेतली कशाला? हळदीकुंकू वाहायला?"

साळवी पुन्हा बॉनेटखाली वाकले.

बरखेड्यात धक्क्याची एक रीत होती. थंडीत कुणाची गाडी अडली की पहिल्या शिफ्टला पायी निघालेला कुणीही मागून हात लावायचा. इंजिन लागलं की चालवणाऱ्यानं थांबायचं नाही. थांबला की गाडी पुन्हा बंद. सरळ पुढच्या गोल चौकाला वळसा घालायचा, परत यायचं, ढकलणाऱ्याला शेजारी बसवायचं आणि कारखान्याच्या गेटवर सोडायचं. तो उतरला की टपावर दोन थापा मारायचा. म्हणजे उतरलो, फिटलं, जा. आभार कुणी मानत नसे. दोन थापांत सगळं येई.

मिस्त्री हरल्यावर एका पहाटे साळवींनी गाडी एकट्यानं हलवून पाहिली. एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला. गाडी तसूभर सरकली नाही. धापा टाकत ते आत बसले, तोच गाडी हलली. मागून कुणीतरी हात लावला होता. धसमुसळा धक्का नव्हे. जड वस्तू हलवायची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा एकसारखा, कसलेला जोर. साळवींनी गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन खोकलं आणि लागलं. आरशात पाहिलं तर धुकं.

शेजारच्या शितोळ्यांचा हेमंत असणार, त्यांना वाटलं. आगाऊ पोरगा. न बोलावता आलेल्याचं आपण काही देणं लागत नाही, असं मनाशी म्हणून साळवी वळसा न घालताच गेटकडे गेले.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र इंजिन लागल्यावरही ढकलणं थांबलं नाही. साळवींनी ब्रेक दाबला. पाय खालपर्यंत गेला, चाकं अडली, तरी गाडी रस्त्यावर घासत पुढे जात राहिली. गोल चौकाच्या तोंडाशी ती एकदम सुटली, कुणी हात काढून घ्यावे तशी.

साळवी उतरले. मागे कुणी नव्हतं. डिकीवर दव जमलं होतं आणि त्या दवात दोन पंजे उमटले होते. रुंद, कामकऱ्याचे. उजव्या पंजाला करंगळी नव्हती.

संध्याकाळी त्यांनी हेमंतला अंगणात गाठलं.

"काय रे, सकाळी गाडी तू ढकलतोस?"

"मी? काका, माझी तर जनरल शिफ्ट. त्या टायमाला मी रजईत." ग्वाल्हेरचा मुलगा, बोलताना निम्मं हिंदी. "आणि तुम्हाला न विचारता हात लावायचा? माझी बिशाद आहे का!"

"मग उजव्या हाताला करंगळी नसलेला इथं कोण आहे?"

हेमंतचं हसू गेलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. डिकीवर दवात पंजा उमटला होता."

त्यानं मागे वळून घराचं दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. "बाबूलाल... क्रेनवाला. तुमच्या डिपार्टमेंटचा नव्हता. मागच्या पौषात ह्याच गाडीला त्यानं धक्का मारला होता. कर्णिक साहेबांना मीटिंगची घाई. चक्कर घातलीच नाही, सीधे निघून गेले. बाबूलाल चौकात उभा राहिला. त्याला पक्कं होतं, गाडी परत येणार. इथं सगळ्यांची येते. धुक्यात दिवे दिसले, हा हात वर करून रस्त्यात उतरला..."

"मग?"

"ट्रक होता तो, काका."

साळवींनी वळून गाडीकडे पाहिलं.

"साहेबांनी त्यानंतर गाडीला हात नाही लावला," हेमंत म्हणाला. "काढून टाका ही. उद्याच काढा."

"पोरीचं होऊ दे. मग बघू," साळवी म्हणाले.

उद्या उजाडायचीही वाट पोरीनं पाहिली नाही. पहाटे वसुधाच्या कळा सुरू झाल्या. लीलावतीबाईंनी तिला शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः तिला धरून बसल्या. साळवींनी चावी फिरवली. खर्र... आणि गप्प. पुन्हा फिरवली. तेवढाही आवाज आला नाही.

"अहो, आता तरी हेमंतला हाक मारा," लीलावतीबाई कळवळून म्हणाल्या.

साळवींनी दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं दार ठोठावायला त्यांनी एक पाय बाहेर ठेवला, आणि पायाखालची जमीन मागे सरकू लागली. गाडी निघाली होती.

"कोण ढकलतंय हो?" लीलावतीबाईंनी मागच्या काचेतून पाहिलं. "मागं तर कोणी..."

"मागं बघू नका."

इंजिन लागलं. जोर वाढला. इस्पितळाचं वळण आलं, साळवींनी स्टिअरिंग फिरवलं. स्टिअरिंग फिरलं, गाडी वळली नाही. वळण मागे पडलं. ब्रेकवर पाय रोवून ते जवळजवळ उभे राहिले होते, टायर रस्त्यावर ओरडत होते, आणि गाडी चौकाकडे चालली होती. चौकापलीकडे मोठा रस्ता. तिथं धुक्यात दोन पिवळे डाग दिसले. उंचावर. मोठे होत चाललेले.

"बाबा..." वसुधा म्हणाली.

साळवींनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली. हिंदी सुचलीच नाही.

"बाबूलाल! पोरीला पोचवतो आणि वळसा घालून येतो! मी येतो! थांब तू तिथंच!"

जोर गेला. ब्रेक लागला. नाकासमोरून ट्रक निघून गेला, त्याच्या वाऱ्यानं गाडी डुलली. इंजिन चालू होतं. साळवींनी गाडी मागे घेतली आणि इस्पितळाचा रस्ता धरला.

दारात नर्सनं वसुधाला चाकाच्या खुर्चीत घेतलं आणि आत नेलं. लीलावतीबाई तिच्यामागे निघाल्या, मग थांबल्या. नवरा पुन्हा गाडीत बसत होता. त्यांनी येऊन त्याची बाही धरली.

"कुठं निघालात? बंद करा ते इंजिन."

"बंद नाही करायचं."

"ते देणं कर्णिकांचं होतं. तुमचं काय त्यात?"

"त्यानं मलाही ढकललंय. मीही वळसा घातला नाही." साळवींनी बाही सोडवून घेतली. "आणि पुढच्या वेळी पोर मांडीवर बाळ घेऊन बसलेली असेल, लीला. सोड."

चौकात कुणी नव्हतं. गाडीचे दिवे धुक्यात दोन हात जात होते आणि तिथंच विरत होते. साळवींनी वळसा घातला, पूर्ण घातला, आणि आपल्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी उभी केली. हात लांबवून डावीकडचं दार उघडलं. इंजिन धडधडत होतं. गार हवा आत येत होती. त्यांनी समोर पाहिलं आणि तिथंच नजर ठेवली.

कुठं पाऊल वाजलं नाही. गाडी तेवढी डावीकडे बसली. सीटचं रेक्झिन करकरलं. ओल्या लोकरीचा, विडीचा आणि ग्रीसचा वास आला. मग जे दार उचलून धरल्याशिवाय लागत नव्हतं ते कुणीतरी उचलून धरलं आणि नीट लावलं.

"उशीर झाला," साळवी म्हणाले.

डावीकडच्या काचेवर आतून वाफ आली. विरली. पुन्हा आली.

गेटपर्यंत साळवींनी मान वळवली नाही. भोंगा सुरू झाला तेव्हा सायकलींचा घोळका धुक्यातून आत शिरत होता, हँडलला डबे हेलकावत होते. गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साळवींनी गाडी कडेला घेतली.

"गेट आलं... बाबूलाल भाई."

काही क्षण काहीच झालं नाही. मग दार उघडलं. गाडी डावीकडून वर आली. दार उचललं गेलं, लागलं.

साळवी थांबले. रीत ती रीत. थापा पडल्याशिवाय निघायचं नाही. शेवटची सायकल आत गेली. भोंगा थांबला. डावीकडच्या काचेवर आता बाहेरून वाफ येत होती, जात होती.

टपावर थाप पडली. एक.

साळवींनी स्टिअरिंग घट्ट धरलं. श्वास रोखला. किती वेळ गेला ते त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही.

मग दुसरी पडली.