दुसरं दार

दुपारची जेवणं आटोपली आणि छोटू खेळाच्या चाचणीला बसला. चाळिशी उलटली होती, तरी ताईच्या लेखी तो छोटूच. दोघं भावंडं मिळून संगणकावरचा खेळ बनवत होती. नकाशे त्याचे, आणि अनेकांनी एकत्र खेळायचे नियम ताईचे. ती पुढच्या खोलीत बसायची, तो मागच्या. मधे लांब बोळ, त्यामुळे बोलणं म्हणजे हाकाच.

खोटे किल्ले रंगवून छोटू कंटाळला होता. म्हणून या खेपेला त्याने टेप लावून आपलंच घर मोजलं आणि त्याचं भुयार केलं. बोळाचा झाला बोगदा, स्वयंपाकघराची लोहाराची भट्टी, आणि त्याच्या खोलीला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीचं मढ्यांचं तळघर. खेळात मेलेला खेळाडू त्या तळघरात पुन्हा जिवंत होऊन उठायचा.

"तळघराला एकच दार?" ताई पलीकडून ओरडली. "बाहेर कुणी कुऱ्हाड घेऊन उभा राहिला तर माणूस उठला की मेला. परत उठला, परत मेला. कोण खेळेल रे असलं?"

"खऱ्या खोलीला एकच दार आहे. दुसरं कुठे काढू?"

"तुझ्या डोक्यात काढ. तिथे जागा भरपूर रिकामी आहे!"

तो हसला आणि खेळ सुरू केला. पडद्यावर दोन आकृत्या उतरल्या. डोक्यावर नावं: छोटू, ताई. बोगद्यातून दोघं भट्टीपर्यंत गेली. तिथे आगीसमोर पाठमोरं कुणीतरी उभं होतं. त्याच्या डोक्यावर नाव नव्हतं.

"ताई, हा तिसरा कुणाला घेतलास?"

उत्तराआधीच ती तिसरी आकृती वळली. पहिल्याच घावात कुऱ्हाड ताईच्या खांद्यातून छातीपर्यंत उतरली. रक्त भट्टीत उडालं आणि चरचरलं. असं रक्त छोटूने कधी रंगवलंच नव्हतं. ताई तळघरात उठली, तेव्हा तो तिसरा दारात उभाच होता. त्याने तिचा गुडघा तोडला, मग ती रांगू लागली तेव्हा मान.

त्याच क्षणी छोटूच्या शेजारच्या भिंतीपलीकडे ओला, जड आवाज झाला. आणि ताईची किंकाळी.

तो बोळात धावला. पुढच्या खोलीत ताईची खुर्ची रिकामी होती. तो परत फिरला. अडगळीच्या खोलीचं दार घट्ट बसलं होतं आणि खालच्या फटीतून काळपट रक्त त्याच्या पायाशी येत होतं. गंजलेल्या लोखंडासारखा वास सुटला होता.

"छोटू... मला बाहेर काढ... तो दारातच उभा आहे..."

दारात तर छोटू स्वतः उभा होता.

आत पुन्हा घाव बसला. मग शांतता. मग पुन्हा तिचं कण्हणं, आधीपेक्षा क्षीण. त्याने ओरडत खांद्याने धडका दिल्या, हाडातून कळ गेली, पण दार हललं नाही. आणखी किती वेळा उठणार होती ती?

दुसरं दार! तो उलटा संगणकाकडे पळाला, नकाशा उघडला आणि तळघर आणि आपली खोली यांच्यामधल्या भिंतीत दार काढलं.

पाठीमागे कडी वाजली. जिथे आयुष्यभर कोरी भिंत होती तिथे दार उघडलं आणि ताई त्याच्या खोलीत कोसळली. एक कान लोंबत होता. हाताची बोटं हाडापर्यंत चिरली होती. तिच्यामागे नुसता अंधार, आणि अंधारात लोखंड फरशीवरून फरफटत येत होतं. त्याने एका हाताने तिला आत ओढलं, दुसऱ्याने नकाशातलं दार पुसून टाकलं. भिंत पुन्हा सलग झाली. पलीकडून एक घाव बसला, गिलावा भुरभुरला, आणि सगळं थांबलं.

तिचं डोकं मांडीवर घेऊन तो रडू लागला. ती त्याच्या मनगटाला घट्ट धरून होती.

तेवढ्यात घराचं पुढचं दार वाजलं.

"छोटू, दार उघड रे! माझं मशीन मघाशीच बंद पडलं, वायर आणायला खाली गेले होते." ताईचाच आवाज, धापा टाकत, नेहमीसारखा वैतागलेला. "आणि ओरडत काय होतास एवढा? कुणाशी खेळतोयस?"

मांडीवरचे ओठ हलले. "तिला... आत घेऊ नकोस..."

छोटूने पडद्याकडे पाहिलं. तिथे तरी खरं कळेल असं त्याला वाटलं. नकाशात तीन आकृत्या होत्या. एक बाहेरच्या दाराशी, दोन त्याच्या खोलीत. दाराशी उभी होती तिच्या डोक्यावर नाव होतं, ताई. जमिनीवर पडली होती तिच्याही डोक्यावर तेच, ताई.

तिला मांडीवर घेऊन बसलेल्याच्या डोक्यावर मात्र नाव नव्हतं.