भिंतीपाशी उभी असलेली बाई

युद्धकाळातल्या विमान अपघातांचे चौकशीचे कागद मी बावीस वर्षं चाळतेय. भुतंखेतं तिथे कधी भेटली नाहीत. भेटले ते आळशी अधिकारी. कारण सापडलं नाही की ‘वैमानिकाची चूक’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मेलेला माणूस कशाला भांडायला येतोय?

त्रेचाळीस साली गेलेल्या विल्फ चार्लटन या वैमानिकाचं अपघाताचं कार्डही तसलंच. इंधनाची टाकी बदलायला विसरला, इंजिन बंद पडलं, विमान उत्तर इंग्लंडातल्या शेव्हियटच्या डोंगरावर आदळलं. त्याची बहीण एनिड आता शहाण्णव वर्षांची आहे. तिला हे कधीच पटलं नाही.

मी तिला सांगितलं, टाकी संपली तर इंजिन पटकन गप्प होतं. बिघाड असेल तर आधी बराच वेळ खडखडतं. ते ऐकलेलं माणूस हवं.

"मग शोध ना. मला फार दिवस नाहीत." चहा ओतताना तिची नजर माझ्या हातमोज्यांवर गेली. एक काळा, एक पिवळा. "आणि जोडी तरी धड घालत जा गं."

चौकशीत साक्षीदार एकच, डॉड्स नावाचा मेंढपाळ. तोही ठार बहिरा. अभिलेखागाराने त्याच्या जबानीचं पहिलं पान पाठवलं. दुसरं चिकटलेलं होतं, ते सोडवून पाठवणार होते. पहिल्याच्या शेवटी लिहिलं होतं: ‘भिंतीपाशी एक बाई उभी होती. तिला ऐकू आलं असणार.’ ती कोण, हे कुणी शोधलंच नव्हतं. माझं डोकंच फिरलं. एनिडला फोन करून सांगितलं, ही बाई सापडली तर विल्फ सुटला.

मंगळवारी दुपारी मी डोंगरावरच्या त्या दगडी भिंतीपाशी गेले. तिथून कितपत ऐकू येतं, एवढंच बघायचं होतं. ढग अगदी खाली उतरले होते. मेंढ्या चरायच्या थांबल्या आणि सगळ्या एकाच दिशेला बघू लागल्या.

मग आवाज आला.

एकच इंजिन. जवळ येत होतं. खडखडतंय का, नीट ऐकायला हवं होतं. पण माझे हात कानांवर गेले.

मी पळाले.

गुरुवारी दुसरं पान आलं. ‘बाईने दोन्ही कान गच्च दाबले आणि उतारावरून पळत सुटली. तिचा एक हात काळा होता, एक पिवळा.’

संध्याकाळी एनिडचा फोन आला.

"सापडली का गं ती बाई? काय ऐकलं म्हणते?"