सातवं बटन

छकुली डोणगावच्या बाजारात गेली ती एका जोडासाठी. हेडफोनची पिन बारीक आणि बाबांच्या साउंड मिक्सरचं भोक मोठं, त्यामुळे मध्ये लावायला एक जोड लागतो. मोबाइलच्या दुकानदारानं तीन डबे उपसले तेव्हा कुठे चौथ्यात तो सापडला.

"काय वाजवून राह्यली वं घरी?" त्यानं विचारलं.

"मोबाइल."

"मोबाइलले एवढा मोठा जोड?"

"भाऊ, तुम्हाले विकायचा हाये का नाही?"

दुकानदारानं जोड कागदात गुंडाळून दिला. छकुलीसमोर बरेच जण गप्प बसत. ती तेवीस वर्षांची, अंगानं काडी, पण जिभेला धार होती. त्या दिवशी मात्र तिला खोटं बोलणं भागच होतं. तिचे बाबा भगवानराव जाऊन सहा महिने झाले होते आणि घरात वाद्याला हात लावायची बंदी होती.

सुतक काय, तेरा दिवसांत फिटतं. पण भगवानरावांच्या घराण्यात वेगळी रीत होती. वाजवणारा माणूस गेला की त्याच्या वाद्याच्या तारा उतरवायच्या, वाद्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत घरातून सूर निघू द्यायचा नाही. गेलेल्याच्या कानावर आपल्या वाद्याचा आवाज पडला तर त्याचा पाय निघत नाही म्हणे.

भगवानरावांचं वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक बेंजो. लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटनं. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. वायर जोडून भोंग्यावर लावला की अर्ध्या कोसावरच्या म्हाताऱ्याचेही पाय हलावेत असा आवाज. वीस वर्षं मेहकरच्या बँडमध्ये तो वाजवून भगवानरावांनी अख्ख्या तालुक्याच्या वराती नाचवल्या. गावातल्या डझनभर पोरांना मनगट धरून शिकवलं. एकही धड शिकला नाही. शिकली ती फक्त दाराआडून ऐकणारी छकुली, आणि तिला त्यांनी बेंजोला कधी बोट लावू दिलं नाही. "वरातीपुढं पोरगी उभी राह्यली तर लोकं बेंजो ऐकतीन का?" एवढंच ते म्हणत. मग तिनं पाटावर खडूनं बटनं काढली आणि दहा वर्षं त्या मुक्या पाटावर बोटं चालवली. कुणाला ऐकू जाऊ न देता वाजवायची तिला सवयच होती म्हणा ना.

आता बँडच्या मालकीणबाई सत्यभामाबाई यांना नवा बेंजोवाला हवा होता. छकुलीनं स्वतःच फोन केला होता. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी येऊन ऐकव. पसंत पडलं तर अक्षय तृतीयेपासून जागा तुही. नाही तर सोमवारी वाशिमचा माणूस पक्का करते." वर्षश्राद्धापर्यंत थांबलं असतं तर लग्नांचा सीझनही गेला असता आणि जागाही. हातात चार दिवस होते. आणि हेडफोन लावल्यावर घरात सूर निघतच नाही, मग रीत मोडली कुठे? छकुलीचा हिशेब सरळ होता. रीत नेमकी कोणासाठी केली आहे, एवढंच तिच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी एकच्या सुमाराला आई, सिंधूताई, पुढच्या खोलीत कूलरपुढे आडवी झाली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. छकुलीनं मधल्या खोलीचं दार लोटलं, बेंजो भिंतीपासून वळवला, तारा चढवल्या, मिक्सरला जोडला.

सातव्या बटनावर काळी टेप होती.

ती तिनं लहानपणापासून पाहिली होती. भगवानराव सातवं बटन कधीच दाबत नसत. तो सूर आला की ते अलीकडच्या बटनावरून असा काही वळसा घेत की ऐकणारे वा वा करत. 'भगवानरावांची मुरकी' म्हणून ती ओळखली जायची. दर दसऱ्याला वाद्याची पूजा झाली की ते टेप बदलायचे. एकदा तिनं विचारलं होतं, बटन बिघडलं का? त्यांनी टेप अंगठ्यानं दाबून बसवली. मग म्हणाले, "ते बटन आपलं नाही."

छकुलीनं नखानं टेप सोलून काढली. खालचं बटन कोरं करकरीत होतं. स्प्रिंगही चांगली. "काऊन असं करत होते बाबा?" ती पुटपुटली, आणि हेडफोन कानांवर चढवून मोबाइलवर ट्रॅक लावला.

ट्रॅक तिला दीपकनं पाठवला होता. दीपक बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. ढोलकी, ताशा आणि बेस एवढंच त्यात होतं. बेंजोची जागा मोकळी. छकुलीनं पहिली ओळ वाजवली. पाटावर मुका राहिलेला हात पहिल्यांदा बोलला, आणि ती एकटीच मोठ्यानं हसली. इतका आनंद तिला आजवर कशाचाच झाला नव्हता.

दुसऱ्या ओळीला उजव्या कानात आणखी एक बेंजो वाजू लागला.

तीच चाल, तीच लय. सातव्या बटनाचा सूर जवळ आला, तसा तो बेंजो अलीकडूनच वळला.

तिनं हात थांबवला. तो वाजतच राहिला. हेडफोन काढून तिनं दीपकला फोन लावला.

"दीपकभाऊ, ट्रॅकमधी बाबांचा जुना बेंजो राह्यला का?"

"नाही वं. मी काल नवा बनवला. बेंजो कुठून येईन त्याच्यात?"

तिनं परत हेडफोन लावले आणि या वेळी ट्रॅक बंदच करून टाकला. ढोलकी थांबली, बेस थांबला. उजव्या कानातला बेंजो चार मात्रा एकटाच वाजला, मग थांबला. कुणीतरी वाट पाहत असावं अशी ती शांतता होती. आणि बंद खोलीत रॉकेलचा वास आला. भगवानराव रॉकेलच्या फडक्यानं तारा पुसायचे. पण रॉकेल मिळेनासं होऊन वर्षं झाली होती. घरात थेंब नव्हता.

छकुली घामानं भिजून बाहेर आली. सिंधूताई जागीच होती.

"झालं का वाजवून?" ती छताकडे बघत म्हणाली.

"काय वाजवून?"

"मले काय कळत नाही का? बटनाची टकटक तीस वर्षं ऐकली म्या." ती उठून बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. "पण छकुले... आज टकटक दोन जागची येऊन राह्यली होती."

छकुलीनं मधल्या खोलीच्या दाराकडे वळून पाहिलं.

"गुंडाळून ठेव माय," सिंधूताई म्हणाली. "वर्ष होऊ दे."

तेव्हा मात्र छकुलीची भीती कुठल्या कुठे गेली आणि संताप उरला. "वर्ष होऊ दे. मग लगन होऊ दे. मग लेकरं होऊ दे. मंग मी वाजवू कवा, आई? जित्तेपणी हात लावू देला नाही, आता मेल्यावरबी आडवे येतात का ते?"

सिंधूताईनं डोळ्याला पदर लावला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी छकुली आत गेली तेव्हा तिनं अडवलं नाही. उलट पुढच्या दाराला आतून कडी लावली, कुणी येऊ नये म्हणून.

शुक्रवार, शनिवार असेच गेले. छकुली वाजवायची, आणि उजव्या कानात तो बेंजोही. एक गोष्ट कबूल करायला हवी, ती त्याच्यासोबत सुधारत होती. कुठे घाई झाली की तो लय धरून ठेवायचा. जे डझनभर पोरांना मिळालं ते तिला आता मिळत होतं, आणि म्हणून तिला अधिकच राग येत होता. भांडण फक्त सातव्या बटनाचं होतं. तो सूर जवळ आला की तो बेंजो जोरजोरात वाजू लागायचा, तिचा आवाज बुडवायचा, आणि ते बटन दाबायचं राहून जायचं. पण चाल त्या सुरावाचून अपुरी होती. मुरकी कितीही गोड असली तरी तो वळसाच होता, हे तिच्या कानाला स्पष्ट कळत होतं. आणि उसन्या वळशानं तिला जागा नको होती.

शनिवारी तिनं सातव्या बटनाकडे बोट नेलं, तेव्हा तिचं मनगट कुणीतरी धरलं.

डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण पकड गार होती, आणि अंगठ्याजवळ नखीनं पडलेला जुना घट्टा तिला चामडीवर कळला.

"बाबा..." ती म्हणाली. "बाबा, आयुष्यात पह्यल्यांदा हात धरला तुम्ही माहा. तोबी अडवाले?"

पकड सैल झाली नाही. ती रडत होती, पण हात मागे घेत नव्हती.

"सोडा. मी वाजवीनच. तुम्ही भ्याले असान, मी नाही भेत."

तिनं सगळं बळ लावून बोट खाली दाबलं आणि तार छेडली. सातव्या बटनाचा सूर लागला, स्वच्छ आणि लांबलचक. उजव्या कानातला बेंजो तिथल्या तिथे थांबला. मनगट मोकळं झालं.

आणि मग, तिचा सूर विरल्यावर, डाव्या कानात तोच सूर एकदाच वाजला. फार लांबून. मिक्सरचा घुमारा असेल, असं म्हणून तिनं वायरी काढल्या.

रविवारी ती बेंजो मांडीवर घेऊन एसटीनं मेहकरला गेली. बँडचं ऑफिस म्हणजे शिकवणीच्या वर्गावरची एक खोली. खाली पोरं बसलेली, त्यामुळे मोठ्यानं वाजवायची सोय नव्हती. सत्यभामाबाईंनी मिक्सरला दोन हेडफोन लावले, एक तिला, एक स्वतःला. पासष्टीच्या बाई, कपाळ मोकळं, हातात पानाची पेटी.

"वाजव," त्या म्हणाल्या.

छकुलीनं वाजवलं. उजव्या कानात तो आला, पण या वेळी हळू, अगदी तिला चिकटून. सातव्या सुराला तिनं वळसा घेतला नाही. तीनदा तो सूर आला आणि तीनही वेळा तिनं बटन पूर्ण दाबलं. घुमाराही आला. आता तितकासा लांबून नाही.

चाल संपली. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पानाची पेटी त्यांनी बाजूला सारली.

"जागा तुही," त्या म्हणाल्या. "तुह्या बापापेक्षा सरस वाजवतं तू. त्याच्यासमोर सांगून राह्यली, कारण तो आता तुह्या उजवीकडंच होता. त्याची मुरकी मी झोपेतबी ओळखीन."

छकुलीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, संपलं. आपण जिंकलो.

"पण पोरी..." बाई दाराकडे पाहून हळूच म्हणाल्या, "डावीकडून जो वाजवत होता... तो कोण?"

खालून पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. बाईंनी टेबलाचा खण उघडून काळ्या टेपचं रीळ काढलं. अर्धं वापरलेलं.

"भगवानचं हाये. त्यानं कधी सांगतलं नाही, म्या कधी इचारलं नाही. लावून टाक."

छकुलीनं रीळ हातात घेतलं. क्षणभर तिला बाबांची बोटं दिसली, दर दसऱ्याला टेप चिकटवणारी, आणि ते मनगट धरणं अडवायला नव्हतं, सांभाळायला होतं, हे तिला कळलं. तिनं रीळ परत टेबलावर ठेवलं.

"नाही बाई. मांडवात मी पुरंच वाजवीन. कोणी का असंना."

पाचच्या एसटीला गर्दी नव्हती. खिडकीतून ऊन आत येत होतं. बेंजो खोळीत घालून तिनं मांडीवर ठेवला होता; तारा उतरवलेल्या, वायर काढलेली, हेडफोन पिशवीत. गाडी मेहकरच्या बाहेर पडली आणि खोळीच्या आत बटन वाजलं. टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक. टक.

कोणतं, ते चाचपायची गरज नव्हती. छकुलीनं खोळीवरून त्यावर तळहात दाबून धरला.

"गप," ती दातओठ खाऊन म्हणाली. "मांडवात पाहू."

बटन खाली दबलं. मग तळहाताखालून ते वर रेटू लागलं, पेटीच्या आतून तो डावीकडचा ढकलत असावा तसं. तिनं दुसरा हातही लावला, अंगाचा भार टाकला, तरी ते वर येत होतं. तेवढ्यात तिच्या हातांवर आणखी एक हात येऊन पडला. गार, अंगठ्याशी घट्टा असलेला, रॉकेलचा वास येणारा. या वेळी तो तिला अडवत नव्हता. तिच्यासोबत, तिच्याइतक्याच जोरानं, तोही खाली दाबत होता.

"बाबा," ती म्हणाली, "सोडू नोका."

तीनही हातांखाली बटन हळूहळू वर येत होतं.