तिघांपर्यंत सगळं जुळतं

मी विद्यापीठात गणित शिकवते. माझं संशोधन एका संख्येवर आहे, आणि लेकीच्या मते ती संख्या जगात कुणालाच नको आहे. यशश्रीला मी ती जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावली होती. वाट्यांच्या दोन रांगा. ठरलेल्या अदलाबदली करून एकीची दुसरी होते का, हे बघायचं. सगळी रांग एकदम तपासणं जिकिरीचं, म्हणून दोन-दोन वाट्या तपासायच्या, मग तीन-तीन. कितीकितींचे गट जुळले की सगळी रांग जुळली असं बिनधास्त म्हणता येईल, ती ही संख्या. काही रांगा फार लबाड असतात. तीन-तीन वाट्या बिनचूक जुळतात, चार एकत्र घेतल्या की रांग वेगळीच निघते.

मार्चमध्ये अहमदाबादहून येताना आमची गाडी उलटली. अण्णा म्हणजे माझे सासरे, नवरा अविनाश, यशश्री आणि मी, चौघंही आपापल्या पायांनी बाहेर आलो. खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर मला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं. धक्का असेल, असं डॉक्टर म्हणाले.

सवयीने मी घरच्यांनाही तपासलं. अण्णा आणि अविनाश पेपरवरून पूर्वीसारखेच भांडत होते. लहरीपुऱ्यात आम्ही तिघं शेवउसळ खायला गेलो, यशश्रीला ठसका लागला, अविनाश खदखदून हसला. सगळं जुळत होतं. मी तपास थांबवला. चौघं एकत्र येतच नव्हतो. अविनाशच्या रिफायनरीतल्या पाळ्या, यशश्रीचं कॉलेज, अण्णांचं कमाटीबागेतलं फिरणं.

मग अण्णांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. त्यांना एकच हवं होतं, सगळ्यांनी एका वेळी जेवायचं. संध्याकाळी त्यांना पाटावर बसवून मी निरांजन लावलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण ज्योत जरासुद्धा हलत नव्हती.

तेवढ्यात दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. आम्ही कुलूप लावलंच नव्हतं. समोरच्या कांचनबेन किल्ली घेऊन आत आल्या.

"काकी?" यशश्री म्हणाली.

त्यांनी आमच्यामधून वाट काढली, तुळशीला पाणी घातलं आणि पंखा बंद केला. "आ पंखो चालु कोणे राख्यो?" असं पुटपुटत, पदराने डोळे पुसत त्या गेल्या. बाहेरून कुलूप लागलं.

अविनाश उठून बाल्कनीत गेला. बहुधा त्यांना हाक मारायला.

लगेच बेल वाजली. मी दार उघडलं. कांचनबेन हांडव्याची ताटली घेऊन उभ्या होत्या. "दादानो जन्मदिवस छे ने?" त्या हसत म्हणाल्या.

मला घाबरायला हवं होतं. मी फक्त मोजलं. आत आम्ही तिघं होतो.

तेव्हापासून चौथ्याने बाल्कनीत जेवायचं, असं ठरलं. अविनाशने कारण विचारलं नाही. अण्णांना मात्र ते पटलं नाही.

"घरात माणसं असून हे काय जेवणं," ते म्हणायचे.

"एवढं ऐका, अण्णा," मी म्हणायचे. त्यांचं वाईट वाटायला हवं, एवढं कळायचं.

आज बाल्कनीची पाळी माझी होती. आत तिघं हसत होती. समोरच्या बाल्कनीत कांचनबेन दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"निरुबेन, एकलां केम बेठां छो?"

"उकडतंय," मी म्हटलं.

त्या मुलाच्या लग्नाचं सांगू लागल्या. "तमारे चारेय जणे आववानुं छे, हं, अने साडी तो मारी साथे ज–"

माझ्यामागे दार सरकलं. अण्णा ताट घेऊन बाहेर आले होते. दुसऱ्या हाताने त्यांनी अविनाशला ओढत आणलं होतं, त्याच्यामागे यशश्री.

"अण्णा, नको," मी म्हटलं.

"तू एकटी जेवायची नाहीस," अण्णा म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले.

कांचनबेन बोलता बोलता थांबल्या. हातातल्या टॉवेलची घडी केली. मग आत वळून नवऱ्याला म्हणाल्या,

"जुओ ने, एमनी खुरशी हजी बहार ज पडी छे."

अजून बाहेरच पडलेल्या त्या खुर्चीवर मी बसले होते.