आज रुपाली घरात नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरी तसलं काही मानत नाहीत. तरीही हे लिहितोय, कारण हे ऐकीव नाही. मी तिथे होतो.

तेही भर दुपारी. पुण्यात, कर्वेनगरला. २००७ च्या नोव्हेंबरातला एक गुरुवार.

मी प्रज्ञेश. मूळचा नागपूरचा, नोकरी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. माझी बायको रुपाली त्याच कंपनीत. ती मात्र पुण्यातच वाढलेली, कर्वेनगरच्या एका सोसायटीत.

तिची आई, मंदाकिनीबाई, सरकारी अधिकारी होत्या. घराण्यातल्या पहिल्याच. हुशार, नेटक्या, शब्दाच्या पक्क्या. वडील आधीच गेले होते. त्या वर्षी पावसाळ्यानंतर मंदाकिनीबाईही गेल्या. ऑफिसातली माणसं ढसाढसा रडली.

रुपाली रडली नाही.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपून घरी परतताना ती पहिल्यांदा बोलली.

"आईनं माझ्यावर कधी हात उगारला नाही. ती फक्त म्हणायची, आज रुपाली घरात नाही."

मला आधी कळलंच नाही.

दूध सांडलं. गणितात मार्क कमी पडले. उलट उत्तर दिलं. की हे वाक्य यायचं. मग रुपाली घरात नसायची. तिचं ताट वाढलं जायचं नाही. ती बसली असेल त्या खोलीतला दिवा बंद व्हायचा. धाकटा भाऊ सुदर्शन तिच्याकडे बघायला लागला की आई त्याची हनुवटी धरून तोंड वळवायची. बाबा पेपरात डोकं घालायचे.

कधी एक दिवस. कधी आठवडा.

"मग संपायचं कसं?" मी विचारलं.

"स्वयंपाकघराच्या दारात बसून माफी मागायची. आईला खरी वाटेपर्यंत."

सुदर्शन अमेरिकेत होता. फ्लॅट विकेपर्यंत तुम्हीच राहा, म्हणाला. रुपालीचं मन नव्हतं. पण कंपनीची बस तिथून मिळायची, आमच्या चार वर्षांच्या अपेक्षाची बालवाडी कोपऱ्यावरच होती. मीच समजूत काढली. गेलो राहायला.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी रुपाली आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

आणि...

टक.

तिथला दिवा गेला.

मी हॉलमध्ये होतो. तिथला चालू होता. आत जाऊन पाहिलं तर बटण बंद केलेलं. रुपाली अंधारात तशीच घड्या घालत बसली होती.

"अगं, लाव ना दिवा."

"लावला तर अजून लांबतं," ती म्हणाली.

आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकून माझ्याकडे बघत राहिली.

इलेक्ट्रिशियनला बोलावून बटण बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टक. ती असेल त्याच खोलीत. मी किंवा अपेक्षा एकटे असलो की काही नाही.

मग तो गुरुवार.

अपेक्षाला ताप होता म्हणून आम्ही दोघंही घरी थांबलो होतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. पंखा बंद, फ्रीज बंद, सगळी सोसायटी चिडीचूप. हॉलमध्ये आम्ही तिघंच. अपेक्षा खडूनं चित्रं काढत होती. रुपाली तिच्या शेजारी.

स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

तिथून... स्टीलचं ताट ठेवल्याचा आवाज आला.

मग आणखी एक.

मग शांतता.

"प्रज्ञेशराव, जेवून घ्या. अपेक्षा, चल बाळा."

आवाज शांत होता. नेटका. मी तो ओळखला.

उठून आत गेलो. टेबलावर दोन ताटं होती. रिकामी, स्वच्छ पुसलेली.

मागून अपेक्षाचा आवाज आला.

"बाबा, आई कुठे गेली?"

मी वळलो. रुपाली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिचे दोन्ही खांदे धरून.

"अपेक्षा, मी इथेच आहे. बघ ना."

अपेक्षाची नजर तिच्यावर होती आणि नव्हतीही. काचेपलीकडे बघावं तशी ती बघत होती. रुपालीनं तिच्या गालावर हात ठेवला. तिनं गाल खांद्याला घासला, माशी बसल्यासारखा. मग ती रडायला लागली. दाराकडे बघून हाका मारत.

"आई... आई..."

"अगं, ही काय आई," मी म्हणालो.

मी बोट दाखवलं तिकडे तिनं पाहिलं. मागच्या भिंतीकडे.

मी तिला उचललं. "रुपाली, चल. आत्ताच्या आत्ता बाहेर पडू."

"नको. अशीच बाहेर नेलीस तर तिला मी कधीच दिसणार नाही."

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली. पाय पोटाशी घेऊन. ऑफिसात आठ-दहा माणसांची टीम सांभाळणारी माझी बायको. तिथे बसलेली मात्र सात वर्षांची मुलगी होती.

"चुकलं, आई."

काहीच नाही.

"पुन्हा नाही करणार."

"रुपाली, ऊठ. काय चुकलंय तुझं?"

"माहीत नाही," ती मागे न बघता म्हणाली. "तेव्हाही माहीत नसायचं."

हळूहळू तिचा आवाज बारीक होत गेला. तो तिचा राहिलाच नाही. कुठल्यातरी लहान पोरीचा झाला.

"आई, मला घरात घे ना... आई, मी चांगली वागेन... घरात घे ना..."

किती वेळ, सांगता येणार नाही. अपेक्षा रडून रडून माझ्या खांद्यावर थकली होती. आत कुणीतरी ऐकत होतं. ते मला जाणवत होतं. ऐकत होतं, आणि पटतंय का ते बघत होतं.

मग...

तिसरं ताट ठेवल्याचा आवाज आला.

अपेक्षानं मान वर केली. हातातून सुटून धावली आणि रुपालीच्या गळ्यात पडली.

"आई, तू कधी आलीस?"

तेव्हा रुपाली रडली. मी इतकं कुणाला रडताना पाहिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही ते घर सोडलं. पुढच्या वर्षी फ्लॅट विकला गेला. घेणाऱ्यांना कधी काही जाणवलं नाही म्हणतात. अपेक्षाला ती दुपार आठवत नाही.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी मी सुदर्शनला फोन करून सगळं सांगितलं. हसेल, वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"प्रज्ञेश, एक सांगू? ताईला सांगू नका."

"काय?"

"मला लहानपणची ताई आठवत नाही. सिंहगडावर गेलेलो आठवतं. पिठलं-भाकरी खाल्ली ते आठवतं. आई, बाबा आणि मी. फोटोत ताई आहे. म्हणजे ती आली होती. पण मी आठवायला लागलो की ती नसते. दिवाळीत नसते, शाळेच्या रिक्षात नसते. कुठेच नसते."

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"आधी वाटायचं, विसरलो असेन," तो म्हणाला. "पण बाकीचं सगळं लख्ख आठवतं हो."

मी फोन ठेवला. रुपाली दारातच उभी होती.

"काय म्हणाला सुदर्शन?"

"काही नाही. लहानपणच्या गोष्टी. तुझी आठवण काढत होता."

"माझी?" ती म्हणाली.

आणि इतकी हरखली, की त्यानंतर आजवर मी तिच्याशी तो विषय काढू शकलेलो नाही.